खाण तीच, वाटेकरी वाढले



'आरोग्य आणि अर्थ' या आपल्या सदरात आजवर मधुमेह, गुडघेदुखी, पेन्शन आणि गृहकर्ज यांवर पुष्कळ वाचायला मिळाले. आज मी लिहितो आहे तो विषय या दोन्ही खात्यांत बसतो, कारण त्यात माझे पैसेही गेले आणि रक्तदाबही वाढला. मी अर्थतज्ज्ञ नाही, दलाल तर नाहीच. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, डब्लिनमध्ये संगणकाचे काम करणारा आणि स्वोर्ड्समध्ये राहणारा तुमच्यासारखाच एक संसारी माणूस आहे. तेव्हा हे लिखाण सल्ला म्हणून न वाचता एका भागधारकाची कैफियत म्हणून वाचावे, ही विनंती.

२०१८ साली कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत एका कंपनीचे नाव सांगितले. कचेरी डब्लिनला, सोन्याच्या शोधाचा परवाना पश्चिम आफ्रिकेत आणि शेअर लंडनच्या 'एम' या छोट्या कंपन्यांच्या बाजारात. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एक तर ती अजून चालू आहे, आणि दुसरे म्हणजे प्रश्न त्या एका कंपनीचा नाही. तिच्या माहितीपत्रकात एक सुबक रंगीत पट्टी होती : २०१९ मध्ये व्यवहार्यता अहवाल, २०२० मध्ये बांधकाम, २०२१ मध्ये पहिले सोने. दर टन दगडात दोन ग्रॅम सोने होते. तुम्ही म्हणाल, दोनच ग्रॅम? मलाही तसेच वाटले होते. पण उघड्या खाणीसाठी दोन ग्रॅम हे वाईट प्रमाण नव्हे. एक तोळा सोन्यासाठी जवळजवळ सहा टन दगड फोडावा लागतो आणि तरीही ते परवडते. मला अभियंता म्हणून या हिशेबाची मोठी गंमत वाटली. गंमत वाटणे आणि गुंतवणूक करणे यांत जे अंतर ठेवायला हवे, ते मी ठेवले नाही. चार पेन्सच्या भावाने एक लाख तीस हजार शेअर घेतले. बावन्नशे पौंड, म्हणजे त्या वेळचे सहा हजार युरोच्या आसपास. घराच्या अनामत रकमेसाठी साठवत होतो, त्यातलेच ते होते. बायकोला सांगितले नाही. तीन वर्षांनी दुप्पट करूनच सांगू, असा बेत होता.

इथवर चूक माझी आणि माझ्या घरापुरती होती. पुढची चूक मात्र मंडळात झाली. त्याच वर्षी गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा असताना विमानतळावर काम करणारे आपले एक गृहस्थ मला म्हणाले, ''काय रे, बँकेत तर काहीच व्याज मिळत नाही. तू हुशार माणूस, तू काय करतोस?'' मी सांगून टाकले. बढाई म्हणून नव्हे, अगदी आपुलकीने सांगितले. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात चार हजार युरो घातले. ना त्यांनी माहितीपत्रक वाचले, ना कंपनीचा ताळेबंद पाहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

पुढे काय झाले ते सविस्तर सांगत नाही, कारण अशा कंपन्यांच्या हकिकती ठरलेल्या असतात. अहवाल 'पुढच्या तिमाहीत' येणार होता, तो दीड वर्षाने आला. मग महामारी आली आणि तिथे जाणेयेणे थांबले, हे खरेच होते. मग दगडातून सोने वेगळे करण्याच्या चाचण्या पुन्हा करायच्या ठरल्या. मग त्या देशात सरकार बदलले आणि परवान्याचे नूतनीकरण अडकले. मग 'मोठ्या भागीदाराशी बोलणी' सुरू झाली, ती दोन वर्षे सुरूच राहिली. दर वेळी हत्ती गेला आहे, शेपूट तेवढे राहिले आहे, असाच सूर. लंडनच्या बाजाराच्या घोषणा सकाळी सात वाजता निघतात. मी पावणेसातला उठून अंथरुणातच फोन बघू लागलो. बायकोला वाटायचे, कार्यालयाचे काम आहे. एका तपासणीत डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला आणि झोप कशी लागते म्हणून विचारले. छत्तीस वर्षांच्या माणसाने त्यांना काय सांगावे, की पश्चिम आफ्रिकेतल्या एका टेकडीने माझी झोप उडवली आहे?

आता मुद्द्यावर येतो. आम्हा भागधारकांची तक्रार काय असते? उशीर होतो, ही. सभेत, चहाच्या टेबलावर, जिथे दोन भागधारक भेटतील तिथे एकच प्रश्न असतो : केव्हा? माझे मत असे आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे आणि त्यामुळे आमची चीड चुकीच्या जागी खर्च होते. उशिराला सवयीने आपण शांतपणे घेतो. आपण स्वोर्ड्सकर तर त्यात तयार झालो आहोत. मेट्रोची घोषणा २००५ साली झाली, २०११ साली ती गुंडाळून ठेवली, २०१८ साली नवे नाव घेऊन ती परत आली, २०२२ साली मंजुरीसाठी अर्ज गेला आणि मंजुरी मिळाली २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर आपण बसने गेलो. गैरसोय झाली, पण माझ्या घराच्या खोल्या काही त्यामुळे कमी झाल्या नाहीत. खाणीच्या छोट्या कंपनीत नेमके तेच होते. उशीर होतो आणि आपल्या खोल्या कमी होतात.

हे मला उशिरा कळले, आणि तेही एका रविवारी केवळ सवयीने आकडे मांडत बसलो म्हणून कळले. अशा कंपनीला उत्पन्न नसते. विकायला सोने नाही, मग कचेरीचे भाडे, पगार, हिशेबतपासनीस, बाजारातल्या नोंदणीची फी आणि विंधणयंत्राचे भाडे येणार कुठून? नवे शेअर छापून. वर्षा-दीड वर्षाने कंपनी बाजारभावापेक्षा कमी किमतीत नवे शेअर काढते आणि ते काही निवडक गुंतवणूकदारांना देते. याला 'प्लेसिंग' म्हणतात. कायद्याने नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करायचे असतात, पण तो हक्क बाजूला ठेवण्याचा ठराव दर वर्षी सर्वसाधारण सभेत मांडला जातो. तो विशेष ठराव असल्यामुळे त्याला पंचाहत्तर टक्के मते लागतात, आणि ती मिळतात. का मिळतात, ते पुढे सांगतो.

मी २०१८ पासूनच्या घोषणा काढून दोन रकाने केले. एकात शेअरचा भाव, दुसऱ्यात एकूण शेअरांची संख्या. २०१८ मध्ये शेअर होते बेचाळीस कोटी. २०२४ च्या सुरुवातीला झाले होते एकशे सव्वीस कोटी. भाव चार पेन्सवरून नऊ दशांश पेन्सवर आला होता. आता गुणाकार करा. चार पेन्स गुणिले बेचाळीस कोटी म्हणजे एक कोटी अडुसष्ट लाख पौंड, ही बाजाराने २०१८ मध्ये सगळ्या कंपनीची केलेली किंमत. नऊ दशांश पेन्स गुणिले एकशे सव्वीस कोटी म्हणजे एक कोटी तेरा लाख. म्हणजे सहा वर्षांच्या दिरंगाईनंतर बाजाराच्या नजरेत कंपनीची किंमत सुमारे एक तृतीयांशाने उतरली होती. माझी मात्र तीन चतुर्थांशाहून जास्त उतरली होती. बाकीचे कुठे गेले? ते उशिराने खाल्ले. टेकडी तीच, दगड तोच, टनामागे दोन ग्रॅमही तेच. वाटेकरी तिप्पट झाले.

मी मोबाईलवर रोज भाव पाहत होतो आणि शेअरांची संख्या सहा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. संगणकाचे काम करणाऱ्या माणसाने भागाकारातला छेद पाहू नये, याची लाज वाटते ती वाटतेच.

कुणी म्हणेल, ही तुझ्या फडतूस कंपनीची गोष्ट झाली. चांगल्या कंपनीत असे होत नाही. म्हणून एका खरोखर चांगल्या, यशस्वी झालेल्या आयरिश कंपनीचे उदाहरण देतो. केनमेअर रिसोर्सेस ही डब्लिनची कंपनी १९८७ पासून मोझांबिकमध्ये आहे. ती सोने काढत नाही, समुद्रकाठच्या वाळूतून इल्मेनाईट आणि झिरकॉन काढते. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ओहोटीला जी काळी चमकदार वाळू दिसते, त्यातले हे इल्मेनाईट. त्यापासून पांढऱ्या रंगाचे टायटॅनियमचे रंगद्रव्य करतात. भिंतीच्या रंगापासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे ते असते. मोमा येथील खाणीचे बांधकाम सुरू झाले २००४ साली आणि उत्पादन २००७ साली. म्हणजे पाऊल ठेवल्यापासून पहिल्या मालापर्यंत वीस वर्षे! ज्या बापाने मुलाच्या बारशाला शेअर घेतले, त्याचा मुलगा तोवर पदवीच्या वर्गात पोहोचला.

आणि खाण सुरू झाली म्हणजे संपले, असेही नाही. कर्ज मोठे होते, पुढे मालाचे भाव पडले. ऑस्ट्रेलियाच्या इलुका कंपनीशी विक्रीची बोलणी झाली, ती २०१५ च्या अखेरीस फिसकटली. २०१६ साली कंपनी सावरण्यासाठी साडेसत्तावीस कोटी डॉलरचे नवे भांडवल उभे करावे लागले. त्या वेळी दर दोनशे जुन्या शेअरांचा एक नवा शेअर करण्यात आला. ज्याच्याकडे वीस हजार शेअर होते, त्याच्याकडे शंभर राहिले. आता नुसत्या एकत्रीकरणाने कुणी गरीब होत नाही, दोनशे रुपयांची चिल्लर देऊन एक नोट घेण्यासारखेच ते असते. खरा फरक पडला तो नव्या शेअरांनी. जुने सुमारे दोनशे अठ्ठ्याहत्तर कोटी शेअर दोनशेने भागले तर एक कोटी एकोणचाळीस लाख होतात. भांडवल उभारणीनंतर एकूण शेअर झाले सुमारे अकरा कोटी. म्हणजे ज्या जुन्या भागधारकांनी त्या वेळी नवे पैसे घातले नाहीत, त्या सर्वांचा मिळून हिस्सा राहिला साधारण आठवा. खाण चालली, माल जहाजांवर चढला, २०१९ पासून लाभांशही सुरू झाला. कंपनीच्या दृष्टीने ही यशाची कहाणी आहे, आणि मी ते यश नाकारत नाही. पण १९९० च्या दशकात शेअर घेऊन कपाटात ठेवणाऱ्याचे स्वप्न आणि २०१६ मध्ये पैसे घालणाऱ्याची कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाण तीच.

व्यवस्थापनाची बाजूही मांडली पाहिजे. शेअर न काढावेत तर कंपनी सहा महिन्यांत बंद पडेल आणि आमच्या हाती शून्य येईल, हे खरे आहे. जमिनीखाली काय आहे ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही, आणि दर भोकाला पैसे पडतात. आमच्या संगणकाच्या धंद्यात तरी काय वेगळे आहे? 'नव्वद टक्के झाले' असे मी स्वतः आठ महिने सांगितल्याचे मला आठवते. शिवाय उशीर दर वेळी कंपनीच्याच आळसाने होतो असेही नाही.

याचे आपल्या जवळचे उदाहरण मेयो काउंटीचे. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्लेनकार आणि अँडमन रिसोर्सेस या दोन कंपन्या सोन्याचा शोध घेत होत्या. परवाने सरकारचे, रीतसर. फेब्रुवारी १९९२ मध्ये मेयोच्या काउंटी परिषदेने विकास आराखड्यात खाणबंदीचे कलम घातले. त्यांचा ऑस्ट्रेलियन भागीदार निघून गेला. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी जिंकल्या. असे सरसकट कलम घालण्याचा परिषदेला अधिकारच नव्हता, असे न्यायालयाने ठरवले. मग नुकसानभरपाईचा दावा झाला. तो १९९८ साली उच्च न्यायालयाने आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. परिषद चुकली होती, तरी तिने भरपाई द्यावी असे होत नव्हते. नऊ वर्षे! कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अजूनही अभ्यासतात म्हणे. भागधारकांना मात्र 'तुमचे बरोबर होते' एवढेच ऐकायला मिळाले. (मेयोच्या लोकांना मी नावे ठेवत नाही. आमच्या कोकणात उद्या कुणी ओढ्याच्या वर खाण काढतो म्हटले तर मी कोणत्या बाजूला उभा राहीन, ते मला ठाऊक आहे.)

टायरोन काउंटीतल्या क्युरॅगिनाल्टच्या सोन्याचे असेच. डालरेडियन या कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये परवानगीचा अर्ज केला. २०१८ साली ओरायन या खाणक्षेत्रातल्या गुंतवणूक संस्थेने ती कंपनी दर शेअरला एक कॅनेडियन डॉलर पंचेचाळीस सेंट देऊन घेऊन टाकली. इतकी वर्षे थांबलेल्या माणसाला अशा वेळी आपल्याला स्वस्तात घालवले असे वाटणे साहजिक आहे. पण पुढे पाहा. त्या अर्जावरची सार्वजनिक चौकशी सुरू व्हायला २०२५ चा जानेवारी उजाडला आणि सुरू होऊन काही दिवसांतच ती स्थगित झाली. ज्यांना २०१८ मध्ये रोख पैसे मिळाले, त्यांनी निदान ही सात वर्षे सकाळी सात वाजता उठून काढली नाहीत.

आणि आपल्याकडे? मुंबई शेअर बाजारात नोंदलेल्या डेक्कन गोल्ड माइन्सचे शेअर ज्यांच्या घरी आहेत, त्यांना गणजूर हे नाव पाठ असेल. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला हा सोन्याचा प्रकल्प. खाणपट्ट्याचा अर्ज सरकारदरबारी पडून असतानाच २०१५ साली कायदा बदलला आणि लिलावाची पद्धत आली. शोध घेणाऱ्यांचा हक्क तेव्हा राखून ठेवला होता, तो २०२१ च्या दुरुस्तीने काढून घेतला आणि त्या जागी शोधाचा खर्च परत देण्याची तरतूद केली. गणजूरचा अर्जही त्या तडाख्यात सापडला. सोने जमिनीत आहे, ते शोधलेही कुणीतरी, पण ते काढायचे कुणी हे दिल्लीत ठरते. ही जोखीम भूगर्भशास्त्राच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

म्हणून मी म्हणतो, 'केव्हा?' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचे उत्तर संचालकांनाही ठाऊक नसते, आणि ते जे सांगतात ते बहुधा त्यांना स्वतःलाही खरे वाटत असते. विचारायचे ते हे, की या उशिराचा खर्च कोण भरणार आणि तो भरल्यावर माझ्याकडे खाणीचा कितवा भाग राहील. गेल्या वर्षी किती शेअर काढले, मिळालेल्या पैशातला किती जमिनीत गेला आणि किती कचेरीत? संचालकांनी स्वतःच्या खिशातून किती घातले? हे सगळे वार्षिक अहवालात असते, फक्त पुढच्या रंगीत पानांवर नसते. मागच्या बारीक अक्षरांत असते.

एकदा मी सभेला गेलो. डब्लिनच्या एका हॉटेलात, कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता! आत शिरायलाच खटपट पडली. आपले शेअर दलालाच्या नावावर असतात, कंपनीच्या नोंदवहीत आपले नाव नसते. दलालाकडून आधी पत्र आणावे लागते, ते मी तीन ईमेल लिहून आणले. म्हणूनच तो पंचाहत्तर टक्क्यांचा ठराव दर वर्षी मंजूर होतो. आपल्यासारखे शेकडो लोक नाराज असतात, पण त्यांची मते दलालाच्या संगणकात झोपलेली असतात. मोठे भागधारक आणि संचालक यांची मते जागी असतात. सभेला आम्ही पंचवीस-तीस जण होतो. बहुतेक निवृत्त आयरिश गृहस्थ, नीट इस्त्रीचे कोट घातलेले. प्रश्नांच्या वेळी एक आजोबा उठले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, की मुलीच्या लग्नासाठी म्हणून मी हे शेअर घेतले होते. आता तिची मुले शाळेत जातात. सगळे हसले. अध्यक्षही हसले आणि म्हणाले, की आपण कधी नव्हे इतके जवळ आलो आहोत. मी शेअरांच्या संख्येबद्दल विचारले. त्यांनी उत्तर दिले की चांगल्या बातमीनंतर भाव वर जाईल, मग ही चिंता उरणार नाही. त्यानंतर चहा आणि बिस्किटे होती. बिस्किटे चांगली होती.

घरी ही गोष्ट उघड झाली ती गृहकर्जाच्या अर्जामुळे. पहिल्या घरासाठी दहा टक्के रक्कम आपल्याकडे असावी लागते आणि बँक सहा महिन्यांचे सगळे खातेउतारे मागते, हे आपल्याला माहीत आहेच. कागद लावताना बायकोच्या हाती दलालाचा उतारा आला. तेव्हा भाव दोन पेन्सच्या खाली होता. ती ओरडली नाही. तिने विचारले, ''हे तू मला का नाही सांगितलंस?'' मी म्हटले, ''वर गेल्यावर सांगणार होतो.'' ती म्हणाली, ''आणि खाली गेल्यावर कोण सांगणार होतं?'' घर घ्यायला आम्हाला आणखी सात महिने लागले. पैसे तेवढे कमी होते म्हणून नव्हे फक्त; आम्ही काही दिवस एकमेकांशी नीट बोलतच नव्हतो.

त्यानंतर तिनेच सांगितल्यावरून मी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या : २०२३ च्या डिसेंबरपर्यंत परवान्याचे नूतनीकरण झाले नाही किंवा शेअर एकशे वीस कोटींच्या वर गेले, तर विकायचे. भाव कितीही असो. दोन्ही गोष्टी घडल्या. २०२४ मध्ये मी विकले, हाती आले अकराशे सत्तर पौंड, त्यातून दलाली गेली. एक उपयोग झाला. त्याच वर्षी नोकरीत मिळालेले काही शेअर फायद्यात विकले होते. इथे भांडवली नफ्यावर तेहतीस टक्के कर आहे, पण शेअरातला तोटा नफ्यातून वजा करता येतो, त्या वर्षी नफा नसेल तर पुढच्या वर्षांसाठी ठेवताही येतो. त्यामुळे करात साधारण दीड हजार युरो वाचले. तोटा नोंदवायलाही विवरणपत्र भरावे लागते, ते विसरू नका. आपल्यापैकी बरेच जण लाजेने तोटा दाखवतच नाहीत. आता मी सात वाजून गेल्यावर उठतो. रक्तदाबाची गोळी मात्र चालू आहे, तिचा दोष मी एकट्या त्या टेकडीला देत नाही. आमच्या घरात वडिलांनाही आहे.

राहिले ते आपले विमानतळावरचे गृहस्थ. भाव दोन पेन्सवर आल्यावर त्यांनी 'सरासरी खाली आणायची' म्हणून आणखी तीन हजार घातले होते, हे मला नंतर कळले. सात हजार युरो! त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दर गणपतीत भेटतात, पाठीवर हात ठेवतात आणि विचारतात, ''काय म्हणते रे आपली खाण?'' तो 'आपली' शब्द माझ्या जिव्हारी लागतो. मी विकून मोकळा झालो होतो आणि त्यांना सांगायचे धैर्य मला दीड वर्ष झाले नव्हते. आपल्या मंडळात औषधाचे नाव सुचवताना आपण 'डॉक्टरांना विचारून घ्या हं' असे म्हणतो, शेअरचे नाव सुचवताना म्हणत नाही. आणि स्वतः बाहेर पडल्यावर तर कुणालाच काही सांगत नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी तो दोन रकान्यांचा कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मी २०२४ मध्येच विकले, हे आधी सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग चष्मा लावून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि वहिनींनी चहा ठेवता ठेवता विचारले, ''म्हणजे आता विकायचं का आम्ही?'' मी म्हटले, ''वहिनी, ते मी पुन्हा सांगणार नाही. शेअर किती झालेत ते बघा, दादांनी आणि तुम्ही मिळून एक तारीख ठरवा, आणि ती लिहून ठेवा.'' दादांनी खिशातले पेन काढले आणि कागदाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मी पाहिले नाही. निघताना तो कागद त्यांच्या फ्रिजवर, नातवाच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी, चुंबकाखाली लावलेला होता.